तिसरा गोल

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या ओट्यावर माझी जागा. पितळी अंग, खाली एक आरसा आणि डोळा लावायला नळी, एवढाच माझा संसार. कारखान्यात भिंगं बसवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने मला तपासायला पाण्याचा एक थेंब ठेवला, आणि त्या थेंबात चक्क जीव पळत होते! मी थक्क झालो. खरं सांगतो, ते थक्क होणं अजून संपलेलं नाही.

इथे मात्र माझ्यात डोकावायला कुणाला फुरसत नसते. मुलं मला पुढ्यात ओढतात आणि कपाटातल्या नमुना वहीवरून आकृती उतरवतात. त्यांचा तरी काय दोष? बावीस प्रयोग, चार चाचण्या, वर घरून रोज फोन, "किती पडले?" आत वाकून बघण्याचे मार्क नसतात. कित्येकदा तर माझ्यावर नुसत्या पिशव्या अडकवल्या जातात. वाईट वाटतं मला.

त्या नमुना वहीत चपलेच्या तळव्यासारख्या एका इवल्या जिवाची आकृती होती. अंगातलं जास्तीचं पाणी बाहेर टाकायच्या पिशव्या म्हणून तिच्यात तीन गोल काढलेले. वीस वर्षं प्रत्येक वहीत तीन गोल उतरले.

यंदा एका मुलीच्या वहीत दोनच निघाले. तिचं एक वर्ष आधीच वाया गेलेलं. वहीवर सही मिळण्याचा तो शेवटचा दिवस होता. सही नाही तर परीक्षा नाही.

"तिसरा कुठंय?" सरांनी विचारलं.

"दिसला नाही, सर."

"अगं, सगळ्यांना दिसतो तो! काढ पटकन आणि सही घेऊन जा."

"पोरी, गोलाचं काय घेऊन बसलीस?" प्रयोगशाळेतले मामा कुजबुजले. "वर्ष वाचव."

तिने पेन्सिल कागदावर टेकवली. मग तिने ती खाली ठेवली. "सर, एकदा तुम्हीच बघा ना."

तिने फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेतला, जीव फार पळू नयेत म्हणून त्यात कापसाचे चार तंतू टाकले आणि माझा आरसा उजेडाकडे वळवला. सर घड्याळाकडे बघत वाकले.

त्या चपलेसारख्या जिवाच्या एका टोकाची पिशवी हळूहळू भरली, मिटली. दुसऱ्या टोकाची भरली, मिटली. ज्याला हृदयच नाही, त्याच्या अंगात ही उघडझाप! सर घड्याळ विसरले. त्यांचा श्वास माझ्या पितळेवर साचत होता.

"दोनच आहेत," ते म्हणाले आणि ओशाळून हसले. "ती नमुना वही माझीच आहे गं. पहिला नंबर आला होता माझा. तिसरा म्हणजे हवेचा बुडबुडा असणार. शंका आली होती, पण मार्क जातील म्हणून विचारलंच नाही."

मला बोलता येत असतं, तर तेव्हाच सांगितलं असतं!

सरांनी सही केली. मुलगी मात्र वही तशीच टाकून पुन्हा माझ्यावर वाकली होती.

"सर, मामा, लवकर या! हा मधोमध बारीक होतोय... एकाचे दोन होतायत!"

दोघंही धावले.

मित्रांनो, अभ्यास करा, मार्कही मिळवा. माझ्या भिंगांवरची धूळ तेवढी पुसत जा. आणि पुसून झालं की लगेच निघू नका, जरा वाका. आत कोणीतरी जन्माला येत असेल.