घट्ट वेटोळं

भाचीने चिमट्याने कुत्र्याच्या पिल्लाच्या लुळ्या मागच्या पायाचं बोट दाबलं. पाय झटकन आखडला, तसा मामाचा जीव भांड्यात पडला.

"बघ, कळतंय हिला. पडली असेल कुठेतरी. मुका मार."

"पायाकडे नको, मामा. तोंडाकडे बघ."

पिल्लू मामाच्या शर्टाचं बटण चघळण्यात दंग होतं. पाय आपला आपण आखडतो, डोक्याला त्याचा पत्ताही नसतो, असं भाचीने सांगितलं. मामाचा चेहरा उतरला. प्राण्यांची डॉक्टर झाली तरी त्याच्या लेखी ती अजून शेंबडी पोर होती. पण या टेबलापाशी राज्य तिचं होतं आणि ते तिला मनापासून आवडायचं. तिने चिमटा पार हाडापर्यंत आवळला. पिल्लू कळवळलं आणि मान वळवून तिच्या बोटाला कडकडून चावलं.

नळाखाली बोट धरून भाची हसली.

"दुखणं डोक्यापर्यंत पोचतंय. ऑपरेशन करू. मी चालवीन हिला."

मग तिने एक्स-रे उजेडात धरला. पाठीचा एक मणका पाचरीसारखा, अर्धाच घडलेला होता. तिथे पाठ वाकून आतल्या मज्जारज्जूवर दाब आला होता. पडून असं होत नाही, हे जन्माचंच, ती म्हणाली. तिचं बोट खाली शेपटीवर सरकलं. तिथले मणके सगळेच तसे होते; शेपटीचं वेटोळं त्यांच्यामुळेच.

चपट्या नाकाची कुत्री वाढवण्यात मामाची हयात गेली होती आणि नेम एकच होता: ज्याचं शेपूट सगळ्यात घट्ट, त्याचाच वंश पुढे न्यायचा. हिचा बाप राजा. त्याच्या शेपटीच्या वेटोळ्यात मामा आल्यागेल्याला बोट घालून बघायला लावायचा. राजाची पिल्लं आता बंद कर, त्याची नसबंदी करू, हे कसं सांगावं याची भाची मनात जुळवाजुळव करू लागली.

मामा पिल्लाचं शेपूट दोन बोटांत धरून सरळ करू पाहत होता. ते होईना.

"कधी आणू हिला?"

"उद्या सकाळी. उपाशीपोटी."

पिल्लाला छातीशी धरून तो निघाला आणि दाराशी थबकला.

"राजालाही आणतो."

"त्याला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे तो."

"म्हणूनच," मामा म्हणाला. "त्यालाही उपाशीच ठेवतो."