कागदी पाहुणीची घसरगुंडी

भाचीने पोस्टाने पाठवलेली पाहुणी म्हणजे वीतभर उंचीची कागदी बाहुली. सोबत चिठ्ठी होती. ‘आत्या, हिला बर्फात घसरगुंडी खेळव आणि फोटो पाठव. पण ती एकटी घसरली पाहिजे हं! फोटोत कुणाचा हात दिसला तर बाई तो वर्गाच्या भिंतीवर लावत नाहीत. मामाने, काकूने, सगळ्यांनी तिला नुसतं कपाटावर बसवलं. भिंतीवर माझ्या एकटीचीच जागा रिकामी आहे. शुक्रवार शेवटचा दिवस.’

आणि शुक्रवार तर आजच! एकुलत्या एका भाचीची जागा रिकामी राहू देईल ती आत्या कसली? बावीस वर्षं ती पुस्तकांची बांधणी करत होती. हे काम म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. नुसता कागद बर्फात भिजेल म्हणून तिने बाहुली पुठ्ठ्यावर चिकटवली, कापली, हीटरजवळ वाळत ठेवली आणि चहा घेत बसली.

चहा संपवून बघते तर काय, बाहुली केळ्यासारखी वाकलेली! डोकं वर, पाय वर. आत्याने कपाळावर हात मारला. पुठ्ठ्याला पुढून कागद लावला की मागूनही लावायचा, नाहीतर वाळताना तो पुठ्ठ्याला ओढतो. कामावरच्या पोरींना हेच ती रोज ओरडून सांगायची. सरळ करायला जावं तर मोडायची भीती. मग निदान भिजू तरी नये म्हणून तिने बाहुलीला मेणबत्ती घासली आणि निघाली.

इमारतीमागच्या उतारावर वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका बर्फ उपसत होते. बाहुली बघून म्हणाले, “पाहुणीची पाठ धरली वाटतं?”

“चेष्टा नंतर, काका. आधी माझा फोन धरा आणि फोटो काढा.”

तिने बाहुलीला पोटावर ठेवून सोडलं. डोकं बर्फात रुतलं, पाय रुतले, पाहुणी जागची हलेना. तीनदा तेच. उन्हं कलायला लागली. आत्याला रडूच यायचं बाकी होतं. नाक पुसायला रुमाल काढावा म्हणून तिने बाहुली क्षणभर खाली ठेवली, उताणी.

आणि बाहुली निघाली की हो!

“काका! फोटो! अहो काढा ना!”

वाकलेली पाठ बर्फाला जेमतेम टेकत होती. पाहुणी बाकाखालून गेली, उंचवट्यावरून उडाली, पुन्हा पाठीवरच पडली आणि आभाळाकडे बघत थेट खालच्या कुंपणापर्यंत पोचली. आत्या उतारावर नाचत होती. काका फावडं टाकून शिट्ट्या मारत होते, पण फोटो त्यांनी सोडले नाहीत.

आत्याने फोटो तिथूनच पाठवून दिले. दहा मिनिटांनी शाळेतून, बाईंच्या फोनवरून भाचीचा फोन आला.

“आत्या, खरं सांग, तुझा हात कुठेच कसा नाही दिसत?”

“दिसेल कसा? दोन्ही हात वर करून नाचत होते मी!”

“बाईंनी लावला गं! मधोमध लावला!”