सतरावा प्रश्न

प्यो उन-सुकने पिशवीतून, अंत्यविधीला आलेल्यांच्या आभारासाठी आणलेल्या तांदळाच्या वड्यांचा आणखी एक डबा काढला आणि संगीताच्या बाईंच्या टेबलावर ठेवला. हा विसावा डबा. प्रत्येक टेबलापाशी ती थोडी वाकायची, समोरचा माणूस खुर्चीतून अर्धवट उठायचा, आवाज खाली आणून म्हणायचा, "फार थकला असाल," आणि ती म्हणायची, "तुम्ही सगळे आलात, खूप आधार वाटला." विसाव्या वेळी ते वाक्य तिच्या तोंडातून निघाले खरे, पण ते आपणच बोललो का, हे तिला सांगता आले नसते.

उरलेले तीन डबे वाटून ती आपल्या टेबलाशी आली. पाच दिवसांच्या रजेत टेबलावर बरेच काही साठले होते. लाल भोपळ्याच्या लापशीची दोन पाकिटे, खजुराच्या चहाची बाटली, कुणीतरी ठेवलेली शेकण्याची पिशवी. या सगळ्याच्या खाली, मुद्दाम पालथा घातलेला एक कागद होता. तिने तो ओढला.

"उन-सुकताई, ते आज नका बघू," शेजारच्या टेबलावरून बान ही-जू म्हणाली. ती शाळेत नवी होती आणि कागद पालथा घालण्याचे काम तिचेच असावे. "योम सर बघतील म्हणालेत."

"काय आहे?"

"हरकतीचा अर्ज. सतराव्या प्रश्नावर. मिन ये-रिमचा." ही-जूने डोळे फिरवले. "ती पोरगी म्हणजे ना, गोळी दिली तरी वेष्टनावरची तारीख वाचून मग तोंडात टाकेल."

उन-सुक खाली बसली. परीक्षेच्या आठवड्यात ती दवाखान्याच्या तळघरातल्या शोकदालनात होती. आईच्या फोटोसमोर बसून येणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होती, आणि इकडे अकरावीच्या दोनशे अठरा मुली तिने काढलेला इंग्रजीचा पेपर सोडवत होत्या. उत्तरे शुक्रवारी लागली होती. हरकतींची मुदत आज साडेचारपर्यंत होती.

सतरावा प्रश्न साधा होता. उताऱ्यातले पाच शब्द अधोरेखित केलेले, त्यांतला चुकीचा एक ओळखायचा. उत्तर चार नंबर. ये-रिमचे म्हणणे होते की दोन नंबरही चुकीचा आहे. कारणाच्या रकान्यात बारीक, सरळ अक्षरात तिने लिहिले होते:

'वाक्य असे आहे की, जागेवर कधीच न बसणाऱ्या बायकांपैकी ती एक होती. माझी आजी कालवांचे शिंपले फोडायच्या शेडमध्ये काम करते. तिथे एकटी तीच उभी नसते, सगळ्याच उभ्या असतात. न बसणे हे सगळ्यांबद्दल आहे, म्हणून क्रियापद अनेकवचनी हवे. पेपरात एकवचनी आहे. सहाव्या पाठाच्या वेळी बाईंनी हेच शिकवले होते.'

उन-सुकने ते दोनदा वाचले. मग सहाव्या पाठाचे आपलेच टिपण काढून बघितले. तसे ते बघायची गरज नव्हती.

*

योम दोंग-ग्यू सर जेवणाच्या सुट्टीत आले. इंग्रजी विभागाचे प्रमुख, निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली. एरवी त्यांचा आवाज जिन्यावरून कळायचा. आज ते खुर्ची न वाजवता तिच्या शेजारी बसले.

"तुम्ही जेवलात का?"

"हो."

"नाही जेवलात. असू दे." त्यांनी अर्जाकडे हनुवटीने खूण केली. "हे डोक्याला लावून घेऊ नका. दोन्ही चालतं म्हणणारी व्याकरणाची पुस्तकं आहेत. माझ्याकडे एक आहे, जाडजूड. त्याचं पान जोडायचं, तीन ओळी खरडायच्या, विषय संपला. दोन नंबर चुकीचा नाही, उत्तर एकच, चार."

"पण आपण वर्गात एकच शिकवलंय, सर."

"आपण वर्गात पुष्कळ काही शिकवतो." ते थोडे हसले आणि तिच्या केसांतल्या सुतकाच्या पांढऱ्या फितीकडे नजर जाताच हसू आवरले. मावशीने बजावले होते, एकोणपन्नास दिवस होईपर्यंत फीत काढायची नाही. "हे बघा, प्यो बाई. दोन उत्तरं मान्य केली की समिती बसवायची. अहवाल. दोनशे अठरा मुलींचे गुण पुन्हा काढायचे. पहिली श्रेणी मिळते नऊ जणींना. एक वर गेली की एक खाली येते, आणि खाली येणारीचे वडील उद्या सकाळी सातला माझ्या दारात. आज तुमच्या अंगात हे सगळं निस्तरायची ताकद आहे?"

नव्हती. हे तिने सांगितले नाही, पण त्यांना दिसले.

"आणि अगदीच मान्य करायचं म्हणत असाल," ते उठता उठता म्हणाले, "तर चूक का झाली ते विचारतात तिथे मातृशोक लिहा. एक अक्षर कोणी पुढे विचारणार नाही. एवढं तरी माणुसकीचं राज्य आहे अजून."

ते गेल्यावर तिने लापशीचे पाकीट उघडले, दोन चमचे खाल्ले आणि बंद करून ठेवले.

तो उतारा तिने कुठे लिहिला ते तिला चांगले आठवत होते. नोव्हेंबरचे शेवटचे दिवस. दवाखान्यात आईच्या खाटेखालून ओढून काढायचा तो बुटका बाक, मांडीवर लॅपटॉप. पाठ्यपुस्तकातला उतारा बदलून घ्यावा लागतो, म्हणून तिने त्यात मासळीबाजारातली एक बाई घातली होती. आईचे दोन्ही हात पांघरुणावर होते. तेहतीस वर्षे कालवे फोडून उजव्या हाताची बोटे आखूड सुरीच्या मुठीभोवती वळावीत तशी वळलेली, ती झोपेतही सुटत नसत. त्या दिवशी मात्र आई जागी होती.

"एवढा वेळ काय टकटक चाललंय?"

"परीक्षेचा पेपर काढतेय."

"बसून?"

"बसूनच काढतात, आई."

"बसून करायचं काम," आई छताकडे बघत म्हणाली होती. "काढलंस हो नशीब." आणि थोड्या वेळाने, "मग नीट तरी कर. पाय दुखत नाहीत ना तुझे."

पेपर तीनदा तपासायचा असतो. तिने दोनदा तपासला होता.

*

सहावा तास सुटल्यावर दाराशी कुजबुज झाली. कुणीतरी कुणाला तरी आत ढकलले. मिन ये-रिम आत आली आणि उन-सुकच्या टेबलापासून दोन पावलांवर थांबून कंबरेत वाकली, मुली एरवी वाकतात त्यापेक्षा खोल.

"बाई, तुमच्या आईंचं… वाईट वाटलं."

"हं. काय काम होतं?"

"तो अर्ज." तिने हात पुढे केला नाही, बाह्यांत ओढून घेतला. "परत घ्यायचा होता."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटे झाली होती. ही-जूची टकटक थांबली.

"का?"

"असंच."

"असंच कुणी चार गुण सोडत नाही."

ये-रिम बुटांकडे बघत राहिली. "मला माहीत नव्हतं, बाई. शुक्रवारी अर्ज टाकला तेव्हा तुम्ही रजेवर आहात एवढंच कळलं होतं. वर्गाच्या ग्रुपवर सगळ्या म्हणतायत की… त्यांची आई गेलीय आणि हिला गुणांची पडलीय." ती म्हणाली. "घरी आईसुद्धा तेच म्हणाली. मयताच्या घरी जाऊन कुणी हिशेब मागतं का, म्हणाली."

"आणि आजी?"

"आजीला नाही सांगितलं."

उन-सुकने कागद तिच्यापुढे धरला. किती सोपे होते ते. ना समिती, ना अहवाल, ना कुणाचे वडील दारात. पंचवीस मिनिटांनी मुदत संपली असती आणि सतरावा प्रश्न कायमचा मिटला असता. ये-रिमने दोन्ही हातांनी कागद घेतला, चार घड्या घातल्या, खिशात टाकला, पुन्हा वाकली आणि वळली.

उन-सुकने डोळे मिटले. तळघरातल्या त्या तीन दिवसांपासून डोळे मिटले की तिला नुसती चपला-बुटांची रांग दिसायची. सगळेजण किती हळू येत होते, किती हळू जात होते. शाळेतही सकाळपासून तेच. तिच्या हातातून पिशवी घेतली गेली होती, तिचे दोन तास दुसऱ्याला दिले गेले होते, तिच्यासमोर कुणी खडूसुद्धा जोरात ठेवला नव्हता.

"ये-रिम."

मुलगी दारातच थांबली.

"आजी किती वाजता जाते कामाला?"

"चारला. पहाटे."

"अजून उभ्यानेच?"

"आता स्टुलं दिलीत मालकांनी. पण कुणी बसत नाही. बसलं की हात चालत नाही म्हणतात." तिने खांदे उडवले. "स्टुलांवर डबे ठेवतात."

"इकडे ये. तो कागद काढ."

ये-रिम आली, पण हात खिशातच राहिला. "नको ना, बाई. खरंच नको."

"मी तुझं ऐकलेलं नाही अजून. दोन नंबर चुकीचा का, ते सांग."

"लिहिलंय त्यात."

"तोंडाने सांग. आणि सकाळपासून सगळे माझ्याशी दवाखान्यात बोलल्यासारखे बोलतायत. तू नीट बोल."

ये-रिमने एकदा ही-जूकडे बघितले. तिथून मदत येण्यासारखी नव्हती. मग ती हळूच म्हणाली, "न बसणं सगळ्या बायकांबद्दल आहे. ती एक फक्त त्यांच्यातली."

"पण बोलणं तर तिच्याबद्दल चाललंय. उतारा तिच्यावर आहे."

"उतारा तिच्यावर असला तरी ते वाक्य नाही ना! अख्ख्या रांगेची गोष्ट एकीच्याच गळ्यात कशी घालायची?"

"दोन्ही चालतं म्हणणारी पुस्तकं आहेत."

"मग ती आधी दाखवायची!" आवाज आता खोलीच्या मध्यापर्यंत गेला. भूगोलाच्या सरांनी मान वर केली. "तुम्हीच फळ्यावर बाण काढून दाखवलं होतं, बाई. लाल खडूने. मी विचारलं पण होतं की एकवचन चाललं तर? तुम्ही म्हणालात, परीक्षेत नाही चालणार. आम्हाला एक शिकवायचं आणि पेपरात दुसरं द्यायचं, मग वर पुस्तकं काढायची, हे…"

ती थांबली. तिची नजर पांढऱ्या फितीवर गेली होती.

"थांबलीस का? बोल."

"हे बरोबर नाही," ये-रिम म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांत पाणी होते, पण आवाज खाली आला नव्हता.

उन-सुकने खुर्चीला पाठ टेकली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्याशी भांडले होते, आणि छातीवरचे काहीतरी, हलके झाले नव्हते, पण जागचे हलले होते.

"बरोबर नाहीच," ती म्हणाली. "दे."

चार घड्यांचा कागद तिने टेबलावर उलगडला आणि तळहाताने सपाट केला. खाली शिक्षकाच्या रकान्यात 'हरकत मान्य' असे लिहिले. चार वाजून अठरा मिनिटे.

"म्हणजे मला गुण मिळणार?"

"तुला आणि दोन नंबर लिहिलेल्या सगळ्यांना. तीसेक जणी असतील."

ये-रिम मनात काहीतरी मोजत होती. "मग माझी श्रेणी बदलेलच असं नाही."

"नाही. पुन्हा काढल्यावर कळेल."

"मग एवढं भांडून…"

"हो," उन-सुक म्हणाली. "वडी खा एक. घे ना. आणि बाहेरच्या दोघींनाही ने, दाराला कान लावून त्यांच्या माना आखडल्या असतील."

*

अहवालाचा नमुना एका पानाचा होता. तो तिने योम सरांच्या टेबलापुढे उभ्यानेच भरला. त्यांनी दोनदा खुर्ची पुढे सरकवली होती. प्रश्न क्रमांक, गुण, मान्य उत्तरे. शेवटचा रकाना चूक का झाली याचा होता. तिथे तिने लिहिले, 'प्रश्न काढणाऱ्या शिक्षिकेने पेपर तिसऱ्यांदा तपासला नाही.'

योम सरांनी चष्मा वर सरकवून ते वाचले. त्यांनी सुस्कारा सोडला, पण रागावले नाहीत. रागवायला तेही बहुधा थकले होते.

"सातला दारात येणार ते वडील," ते म्हणाले. "मी बघतो त्यांचं. पण हे कारण बदला, प्यो बाई. हा कागद तुमच्या फायलीत जातो, कायमचा राहतो. इथे आईंचं लिहा. खोटं थोडंच आहे ते? कुणीही समजून घेईल."

उन-सुकने खिशातून सहीऐवजी उमटवायचा नावाचा शिक्का काढला. नोकरी लागली त्या आठवड्यात आईने तो बाजारातल्या कोरीवकाम करणाऱ्याकडून करून आणला होता. शिक्क्याच्या लाकडाला वीस वर्षांत तिच्या बोटांचा रंग आला होता. तो तिने शाईच्या डबीत दाबला, आणि लाल झालेले टोक क्षणभर कागदाच्या वरच धरून ठेवले.

"आई नवव्या तारखेला गेली, सर," ती म्हणाली. "हा पेपर मी नोव्हेंबरात काढला."

योम सर वाट बघत राहिले.

"तेव्हा ती होती."

आणि तिने शिक्का उमटवला.