बाल्कनीची साथ

घुमी हे नाव बाबांनी पाडलेलं. लहानपणी विचारलेल्याचं उत्तर द्यायची नाही, कोपऱ्यात बसून नुसतं गुणगुणायची, म्हणून. पुढे याच घुमीने गळ्यात बास गिटार अडकवली आणि चारचौघांत बेंबीच्या देठापासून गायला लागली, तेव्हा बाबांनी नाक मुरडलं ते मुरडलंच. ‘धांगडधिंगा’ हा त्यांचा शब्द. इतक्या वर्षांत त्यांनी तिचा एकही कार्यक्रम ऐकला नव्हता. आणि आज ते आपणहून येणार होते. खाली सगळे उभेच राहणार, बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून तिने थिएटरवाल्यांशी भांडून बाल्कनीतली पहिल्या रांगेतली खुर्ची मिळवली.

बँड तिघांचा. ती, ड्रमवाला आणि सॅक्सोफोनवाला. सगळ्यांना पाठ असलेलं रॉकचं गाणं घ्यायचं, दोन कडवी सरळ गायची, आणि मग जॅझवाल्यांसारखं त्याला मोकळं सोडायचं. पुढे काय होणार ते तिघांनाही ठाऊक नसायचं. नियम एकच, कानावर जे पडेल त्याला उत्तर द्यायचं. एकदा प्रेक्षकांत कुणाच्या हातून ग्लास फुटला, तर ड्रमवाल्याने तो खळकन झालेला आवाज झांजेवर उचलला आणि त्यावर ते कितीतरी वेळ खेळत राहिले. चूक म्हणून काही नसतंच, असं ड्रमवाला सांगत फिरायचा. त्याच्यासारख्या सतत चुकणाऱ्या माणसाची त्यात मोठीच सोय होती.

दुपारच्या तालमीत जाड तारेवरचा एक खालचा सूर लागला की बाल्कनीच्या पोटातून घर्रर्र असा आवाज यायचा. थिएटरचा साउंडवाला वर मान करून ऐकत राहिला.

“लाकूड जुनं आहे, ताई. आत काहीतरी सैल झालंय. उद्या सुतार येणार आहे. आज तेवढा सूर सोडून वाजवा.”

“सोडून कसा वाजवू? सगळं गाणं त्याच सुरावर उभं आहे.”

“मग पट्टी चढवा. पण तो सूर नको.”

“अरे, काय मस्त गुरगुरतंय!” ड्रमवाला म्हणाला. “फुकटात चौथा वादक मिळाला आपल्याला.”

सगळे हसले, तीही हसली. हसता हसता तिने वर बाबांच्या खुर्चीकडे पाहिलं. बाल्कनी बंद ठेवा, असं म्हणायला हवं होतं. पण मग बाबा निमित्त सापडल्यासारखे घरी राहिले असते आणि पुन्हा कधी आले नसते. तिने पट्टी चढवली आणि तोंड बंद ठेवलं.

संध्याकाळी थिएटर खचाखच भरलं. दोन कडवी नीट झाली. बाबा दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखे बसले होते. गाणं मोकळं सुटलं, तिचा गळा आणि बोटं आपापल्या वाटेने निघाली, लोक डोलायला लागले. बाबांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं.

ते तिच्या जिव्हारी लागलं. तिचं बोट जाड तारेवर उतरलं आणि त्या सुरावर जाऊन थांबलं. बाल्कनी गुरगुरली. सॅक्सोफोनवाल्याने लगेच तसंच गुरगुरून उत्तर दिलं, लोकांनी आरडाओरडा केला, आणि बाबा कठड्यावर हात टेकून पुढे वाकले. कान देऊन ऐकत होते! तिने तो सूर पुन्हा वाजवला. मग पुन्हा. तेव्हा ती फक्त बाबांसाठी वाजवत होती.

थोड्या वेळाने तिने तारेवर तळवा ठेवून सूर दाबला. गुरगुर थांबली नाही. वर बाबा सोडून सगळे उठून तालावर पाय आपटत होते, आणि दिव्याच्या झोतात पांढरी धूळ खाली येत होती.

“थांबा!” ती माइकमध्ये ओरडली. पण जन्माची सवय, तिचं ओरडणंसुद्धा मात्रेवरच पडलं. ड्रमवाला गपकन थांबला, एक मात्रा रिकामी सोडली आणि दुप्पट जोराने तुटून पडला. हा त्यांचा आवडता खेळ होता. लोक वेडे झाले.

“पाय आपटू नका! खाली या!”

सॅक्सोफोनवाल्याने शेवटचे दोन शब्द सुरात उचलले. खालची गर्दी बाल्कनीकडे हात करून तेच गाऊ लागली. “खाली या! खाली या!”

तिने गिटारची वायर उपटली. स्पीकरमधून फट् असा आवाज आला, ड्रमवाल्याने त्यालाही उत्तर दिलं. शेवटी तिने धावत जाऊन त्याचं मनगट धरलं. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, आणि त्याच्या हातातल्या काठ्या गळून पडल्या. पण आता बँडची कुणाला गरज नव्हती. ताल लोकांच्या पायांत होता. साउंडवाला बाल्कनीच्या जिन्याकडे निघाला होता, त्याला गर्दीतून वाट मिळेना.

तिने बाबांकडे पाहून दोन्ही हात जिवाच्या आकांताने हलवले.

बाबा उठले. ज्या माणसाने लेकीसाठी कधी टाळी वाजवली नव्हती, तो दुखऱ्या गुडघ्यांनिशी पाय आपटत होता, तिच्यासारखेच दोन्ही हात हलवत होता. “खाली या!” असं सगळ्यांबरोबर ओरडत होता. इतके खूश झालेले बाबा तिने जन्मात पाहिले नव्हते. त्यांच्या पुढचा कठडा वाकायला लागला होता, आणि ते तिच्याकडेच बघत होते.