चिमणाबाईच्या चेहऱ्यावरचे ठिपके

साल १९२०. कोल्हापुरात शाहू महाराजांचं राज्य होतं आणि गावाला मूकपटांचं वेड नुकतंच लागलं होतं. मित्रांनो, मी त्या वेळची एक जुनी फोटोची पेटी आहे. अंग सागवानी, मधला भाता चामड्याचा आणि पुढे भिंगाचा एकच डोळा. माझे मालक बाबालाल मूकपट काढणाऱ्या कंपनीतल्या नटनट्यांचे फोटो काढत.

त्यांची खरी करामत पेन्सिलीत होती. फोटोची काच धुऊन वाळली की तिच्यावरचे मुरूम, वण, सुरकुत्या ते बारीक टोकाने भरून काढत. "बाबालालच्या हातात गेली की म्हैसबी अप्सरा हुतीया," असं नट म्हणत. मला मात्र काही झाकता येत नसे. तांबडा रंग माझ्या फोटोत काळा येई. कातडीखालची लालीसुद्धा, माणसांच्या नजरेला दिसायच्या आधी.

त्या चैत्रात चिमणाबाई जाहिरातीच्या फोटोसाठी आली. नव्या मूकपटात ती यशोदा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उचगावच्या बनाबाईचं तान्हं पोर कृष्ण म्हणून तिच्या मांडीवर बसायचं होतं.

"आवरा की बाबालालभाई," ती म्हणाली, "अंगात कणकण हाय, कपाळ ठणकतंय."

संध्याकाळी काच वाळली. तीत चिमणाबाईच्या गालांवर, कपाळावर बारीक ठिपके होते.

"ह्या खेपंच्या काचाच खराब हाईत," म्हणत बाबालालनी पेन्सिल उचलली.

काचा धुण्याचं काम त्यांची बायको हाफिजा करी. लहानपणी देवीच्या रोगातून ती वाचली होती. गालांवर खड्डे होते. तिने काच उजेडाला धरून निरखली.

"अवं, हे काचंवर न्हाय, तिच्या तोंडावर हाय. देवी हायत्या! त्या पोराला तिच्या मांडीवर देऊ नगा म्हणून सांगून या."

"आली मोठी डाक्टरीण! तोंड चकचकीत हुतं, मी बघितलंय."

"पेटीनंबी बघितलंय."

"कंपनीत काय सांगू? माझ्या बायकूला काचंत रोग दिसतोय?"

"व्हय, तसंच सांगा. हसू देत."

ते गेले नाहीत. ठिपके एकेक करून भरत राहिले.

सकाळी हाफिजाच कंपनीत सांगायला गेली. दारवानाने तिला फाटकातच अडवलं. आतून बाळाचं खिदळणं ऐकू येत होतं.

चिमणाबाईचा नितळ चेहरा गावातल्या भिंतींवर लागला, तेव्हा ती अंधाऱ्या खोलीत कडुलिंबाच्या पाल्यावर निजली होती. थोड्याच दिवसांत उचगावात बनाबाईच्या दारालाही देवी आल्याची खूण म्हणून कडुलिंबाचे डहाळे लागले.

ते बाळ वाचलं नाही. बनाबाई पुन्हा कोल्हापूरच्या बाजारालाही आली नाही. चिमणाबाई जगली, पण तोंडावर वण राहिले; कंपनीत पडद्यामागे बसून ती इतरांचे पोशाख शिवू लागली. देवी टोचणारा गल्लीत आला की हाफिजा घराघरातून मुलं ओढून आणी, आयांच्या शिव्या खाई, पण मुलाचा हात सोडत नसे. बाबालालनी पुन्हा कुणाच्या चेहऱ्याला पेन्सिल लावली नाही. नटांनी पाठ फिरवली. दुकान मोडून ते हुपरीला मेव्हण्याकडे गेले आणि मरेपर्यंत चांदीच्या पैंजणांना झिलई देत बसले.

मी त्यांच्या नातवाच्या माळ्यावर आहे. भाता झुरळांनी खाल्लाय, भिंगावर बुरशी चढलीय. कधी मला पुसलंत तर बरं वाटेल, मित्रांनो. पण त्याआधी एक करा. कुणाच्या चेहऱ्यावर डाग दिसला, तर तो झाकायची घाई करू नका. जवळ बसा आणि विचारा, तुला काय होतंय?