पट्ट्या उतरवलेल्या तीन सिगार

मामांना पकडायची युक्ती माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा ते बरं.

आमचं मासिक सिगार चाखून त्यांना शंभरपैकी गुण देतं. चाखणारे आम्ही दोघंच: माझे सख्खे मामा आणि मी. मामा मुख्य परीक्षक. टोक कुठे कापायचं, धूर छातीत न नेता तोंडात कसा घोळवायचा, हे त्यांनीच मला अकरा वर्षांपूर्वी शिकवलं. पण आता त्यांनी सत्तरी ओलांडलीय. चहात साखर नव्हती हे कप रिकामा झाल्यावर त्यांच्या लक्षात येतं. अशा जिभेवर मासिक चालवायचं? मी संपादकांच्या मागे भुणभुण लावली. शेवटी ते वैतागून म्हणाले, "ठीक आहे. मामा चुकले, तर पहिल्या तारखेपासून त्यांच्या जागी तुम्ही."

एका कारखान्याची खास सिगार आली होती. सगळ्या जगात मिळून बाराशेच नग, पुन्हा काढणार नाहीत. नाव बघून कुणी गुण देऊ नयेत म्हणून स्टोअरवाल्या काकू सिगारवरची कारखान्याची पट्टी उतरवतात आणि नुसता आकडा लिहिलेली पांढरी पट्टी गुंडाळतात. या वेळी चाखायच्या तीनपैकी दोन सिगार याच खास डब्यातल्या असतील, असं मी सुचवलं. कुठल्या दोन, ते फक्त काकूंना ठाऊक. मामांना यातलं काहीच सांगायचं नाही. एकाच सिगारला त्यांनी वेगळे गुण दिले की झालं. मी स्वतः ती जोडी चुटकीसरशी ओळखणार, यात मला शंकाच नव्हती.

सकाळी दहाला आम्ही नेहमीसारखे समोरासमोर बसलो. मध्ये राखदाणी, पाण्याचे पेले, कोरडा पाव. एक नंबर पेटवली. मामांच्या कपाळावर आठी पडली. मीही धूर घोळवला: कडवट, खरखरीत, जुन्या गोणपाटासारखा. एवढा तोरा मिरवणारी सिगार ही नव्हे. मी एकाहत्तर लिहिले. दोन नंबरलाही मामांनी तोंड वेडंवाकडं केलं. बहात्तर. सापडली जोडी, मी मनात म्हटलं. मग मामा चूळ भरायला गेले आणि प्रसन्न होऊन आले. तीन नंबरचा पहिलाच झुरका घेऊन त्यांनी डोळे मिटले, गालातल्या गालात हसले. आणि मला काय काय लागलं म्हणून सांगू! भाजलेले बदाम, कोको, मागाहून हलकी मिरी. चौऱ्याण्णव.

संपादकांनी दोघांचे कागद घेतले आणि काकूंना विचारलं, "जोडी कुठली?"

"एक आणि तीन."

"नीट बघा काकू," मी म्हटलं. "तुमची गफलत झालीय."

"गफलत कशी होईल? उतरवलेल्या पट्ट्यांच्या मागे आकडे टाकलेत मी." त्यांनी दोन सोनेरी पट्ट्या उलट्या करून टेबलावर ठेवल्या. एक. तीन.

संपादकांनी मामांचा कागद वाचला. एक नंबर, एकोणनव्वद. तीन नंबर, एकोणनव्वद. खाली शेरा: 'या दोन्ही एकच. काकू, चष्मा बदला.' मग त्यांनी माझा कागद वाचला. दोनदा वाचला.

"पण मामा, एक नंबरला तुम्ही तोंड वाकडं केलंत!" मी जवळजवळ ओरडलेच.

"अगं, नवी कवळी! टोचत होती मेली. तिसरीच्या आधी काढली आणि रुमालात गुंडाळून टाकली खिशात. जीव कसा हलका झाला!"

बोलून गेल्यावर मी काय बोलले ते माझं मलाच ऐकू आलं. मामांनाही ऐकू आलं असावं. त्यांचं हसू मावळलं.

"तू माझं तोंड बघून लिहीत होतीस?"

अकरा वर्षं मी त्यांच्यासमोर बसले. आधी त्यांचा चेहरा, मग माझा आकडा. लबाडी म्हणून नव्हे. ते बदाम, ती मिरी मला खरोखरच लागायची. हे मला आज, आत्ता, परक्या माणसांसमोर कळत होतं आणि मी घाबरून गेले होते.

"कारखान्याला दुपारी गुण कळवायचेत," संपादक खाली बघत म्हणाले. "आणि पहिल्या तारखेचंही ठरवायचंय. तुम्ही दोघं बोला." ते काकूंना घेऊन बाहेर गेले.

मामा म्हणाले, "घरात सगळ्यांना सांगत आलो मी, भाचीला माझी जीभ मिळालीय म्हणून." रागाने नाही म्हणाले. रागावले असते तर मी भांडले तरी असते.

डब्यात एक सिगार शिल्लक होती. ती त्यांनी माझ्यापुढे ठेवली. मग उठून खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"पेटव. काय लागतंय ते सांग."

दोन काड्या वाया गेल्या, तिसरीला पेटली. मी धूर घोळवला. समोर पांढरे केस, सदऱ्याची कॉलर, पाठ. खांदा जरा तरी हलतो का, म्हणून मी त्या पाठीकडे टक लावून बघत राहिले. खांदा हलला नाही.

"काय लागतंय?"

"धूर," मी म्हणाले. "नुसता धूर, मामा."