फिनेलनंतरचे अठरा दिवस

मित्रांनो, मी एक जुना ब्लोअर आहे आणि या वस्तीचा श्वास माझ्यावर चालतो. वस्तीचा म्हणजे अगदी माणसांचा नव्हे. त्यांच्या संडास-मोऱ्यांतून जे वाहून येतं, त्याचा.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी निळा होतो म्हणे. ट्रकवर बसून दोन दिवस नुसती वाळू आणि दगड बघत इथे आलो. काम सोपं. सांडपाण्याच्या टाकीच्या तळाशी नळ्यांमधून हवा सोडायची. टाकीत डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव राहतात. ते घाण खातात, म्हणून पाणी निवळतं. जेवताना त्यांना हवा लागते. स्वयंपाक तुमचा, पंगत त्यांची, वाढपी मी.

निवळलेलं पाणी ताईच्या लिंबांना जातं. ताई म्हणजे टाकी सांभाळणारी ऑपरेटर. पाऊस चहाही न घेता निघून जातो अशा या माळावर तिने दोनशे लिंबं लावली आणि तिसऱ्या वर्षी ती फुलावर आली.

उद्घाटनाला माझ्या गळ्यात हार पडला होता. नंतर कोणी फारसं फिरकलं नाही. नाक दाबून चालणारा माणूस इकडेतिकडे बघत नाही.

मग एक पत्र आलं. तीन आठवड्यांनी सरकारी साहेब पाण्याच्या तपासणीला येणार. पाणी गढूळ निघालं तर टाकी बंद. म्हणजे लिंबंही बंद.

साहेब यायला तीन आठवडे होते, पण वस्तीला दम नव्हता. "पाहुण्यांना वास येता कामा नये," असं ताईच्या सासूबाईंनी जाहीर केलं आणि त्याच दिवशी घरोघरच्या मोरीत फिनेल ओतलं गेलं. इथे पाणी फार जपून वापरतात. भाजी धुतलेलं फरशीला, फरशीचं संडासाला. त्यामुळे फिनेल पातळ करायलाही पाणी नव्हतं. ते जसंच्या तसं टाकीत उतरलं. माझे सगळे जेवणारे मेले आणि टाकीला असा वास सुटला की कावळेसुद्धा वळसा घालून जाऊ लागले.

"आई, किती ओतलंत?" ताईने विचारलं.

"दोनच बाटल्या. शेजारणीने तीन ओतल्या, तिला विचार."

"अहो, टाकीतले जीव मेले सगळे!"

"जंतूच ना ते? मेले तर मेले."

"त्या जंतूंवरच आपली लिंबं जगतात."

सासूबाईंनी एकदा लिंबांकडे पाहिलं. "मग दुसरे आण," म्हणाल्या.

ताईने आणले. नव्वद किलोमीटरवरच्या शहरातल्या टाकीतून जिवंत गाळाची चार पिंपं टेम्पोने आली. टेम्पोवाल्याने तेव्हापासून ताईशी बोलणं टाकलंय.

नव्या पाहुण्यांना रात्रंदिवस हवा हवी होती. तिसऱ्या दिवशी माझा पट्टा तुटला. नवा यायला आठवडा लागणार होता. शेवटी गिरणीवाल्याने चक्कीचाच पट्टा काढून दिला. "न्या ताई, पण पीठ मागायला आलेल्यांना तोंड तुम्ही द्या." वस्तीने धान्य उकडून खाल्लं. टाकीचं पाणी निवळेपर्यंत लिंबांना घरोघरच्या भाजी धुतलेल्या पाण्याच्या बादल्या गेल्या. सासूबाई दारोदार फिरून बजावू लागल्या, "फिनेलचा एक थेंब ओतलास तर गाठ माझ्याशी आहे!"

मी तापलो. बेअरिंग किंचाळू लागलं. ताई ग्रीस भरायची, अंगावर हात ठेवून बघायची आणि म्हणायची, "थांबू नकोस रे बाबा." मी थांबलो नाही. मला दुसरं काही येतही नाही.

अठराव्या दिवशी काचेच्या बरणीत पाणी भरलं, तेव्हा पलीकडे धरलेलं साहेबांचं पत्र त्यातून वाचता आलं.

साहेब आले. बरणी उन्हात धरली, "ठीक आहे" म्हणाले, सही केली. टाकी राहिली, लिंबंही राहिली.

म्हणून मित्रांनो, मोरीत काही ओतण्याआधी आठवा की पलीकडे कोणीतरी जेवायला बसलंय. आणि जुन्या यंत्राला वेळच्या वेळी ग्रीस द्या. दर वेळी गिरणीवाला मोठ्या मनाचा निघेलच असं नाही.

निघताना साहेबांनी संडास कुठे आहे, ते हळूच विचारलं. अर्ध्या तासाने ते माझ्या टाकीत पोहोचलं. इतरांसारखंच होतं.